मीटर मागे फिरला तेव्हा

दांडिया बाजारातल्या आमच्या इमारतीसाठी वीजवापराचा डॅशबोर्ड करत होतो. सेन्सर अजून बसायचे होते, म्हणून पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत नकली डेटा बनवला: दर १५ मिनिटांनी एक, दिवसाला ९६ नोंदी. प्रत्येक आकडा रँडम घेतला आणि युनिट मध्येच कमी झाले. मीटरचं रीडिंग असं मागे जात नाही!

मग आधी किलोवॅटमधला भार ठरवला. पहाटे कमी, सकाळी पाण्याचा पंप, रात्री एसी. त्याला ०.२५ तासाने गुणून आधीच्या रीडिंगमध्ये मिळवत गेलो. तापमानही मागच्या नोंदीच्या जवळ ठेवलं, नाहीतर वडोदऱ्यातल्या मे महिन्याच्या दुपारी पारा क्षणात १० अंश उतरायचा. सीड, म्हणजे रँडम आकडे जिथून सुरू होतात ती संख्या, कायम ठेवला. त्यामुळे दर वेळी तेच आकडे येतात आणि तीच चूक पुन्हा पकडता येते.

शेवटी मुद्दाम काही नोंदी गाळल्या. खरे सेन्सर अधूनमधून गप्प होतातच, आणि माझा आलेख नेमका तिथेच तुटत होता.