सेल इंज्युरी वाचताना घड्याळाकडे लक्ष ठेवा: एमबीबीएसच्या सेकंड इयरला आलेल्यांसाठी

फर्स्ट इयरच्या निकालातून आपण सावरतो न सावरतो, तोच पॅथॉलॉजीत सेल इंज्युरी, म्हणजे पेशीला होणारी इजा, शिकवून संपलेलं असतं. प्रकरण छोटं आहे, प्रिलिमच्या आधी बघू, असं म्हणून ते मागे टाकू नका. पुढचं हृदय, लिव्हर, कॅन्सर सगळं त्यावरच उभं आहे. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होते. ठाण्याहून पनवेल लोकल पकडून कॉलेजला जाताना तेच पान पुन्हा पुन्हा वाचायचे आणि काही उमगायचं नाही. त्या दिवसांचा ताण अजून अंगात आहे, म्हणून लिहितेय.

अ‍ॅडाप्टेशन, म्हणजे ताण आला की पेशीने स्वतःला बदलून घेणं, अवघड नाही. व्याख्या तुम्हाला येतातच, प्रत्येकीला एक पेशंट जोडा. बीपी वर्षानुवर्षं वाढलेलं असेल तर हृदयाच्या डाव्या व्हेंट्रिकलच्या (खालच्या कप्प्याच्या) पेशी आकाराने वाढतात, संख्येने नाही. गरोदरपणात गर्भाशयाच्या स्नायूत दोन्ही घडतं. सिगारेट ओढणाऱ्याच्या श्वासनलिकेत सिलिया (केसांसारखे बारीक तंतू) असलेल्या पेशींच्या जागी चपट्या स्क्वॅमस पेशी येतात. त्या धुराला जास्त टिकतात, पण कफ बाहेर ढकलणारे सिलिया गेलेले असतात, आणि धूर चालूच राहिला तर पुढे तिथेच कॅन्सरही उभा राहू शकतो.

खरा सापळा पुढे आहे. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, विचारतात: हार्ट अटॅक आल्यावर पेशंट तासाभरात गेला, हृदयाची स्लाइड कशी दिसेल? आपण लगेच म्हणतो, कोअ‍ॅग्युलेटिव्ह नेक्रोसिस, म्हणजे पेशी मेल्यात पण त्यांचा साचा अजून तसाच आहे. मीही तेच म्हणाले होते. पण साध्या मायक्रोस्कोपखाली ती स्लाइड जवळपास नॉर्मल दिसते.

हे नीट समजून घ्या. पेशीचं काम थांबणं, पेशी मरणं आणि मेलेली दिसणं या तीन वेगळ्या वेळा आहेत. हृदयाच्या स्नायूचं रक्त थांबलं की एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, घटतं आणि मिनिटभरातच तो स्नायू आकुंचन पावायचा थांबतो. पेशी मात्र जिवंत असते. सोडियमचा पंप मंदावतो, सोडियम आणि मागोमाग पाणी आत येतं, पेशी फुगते. या टप्प्यावर रक्त परत मिळालं तर ती सावरते. पुरवठा पूर्ण बंदच राहिला तर साधारण २० ते ४० मिनिटांत मायटोकॉन्ड्रिया आणि मेंब्रेन इतकी बिघडतात की परतीची वाट उरत नाही. पेशी मेली. तरीही स्लाइडवर काही नाही, कारण नेक्रोसिस म्हणून आपण जे बघतो ते मरणानंतर घडणारे बदल आहेत. ते दिसायला ४ ते १२ तास लागतात आणि नुसत्या डोळ्यांना तर त्याहून उशिरा. फाटलेल्या मेंब्रेनमधून ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन रक्तात येऊन वाढलेलं दिसायलाही काही तास जातात. म्हणून छातीत दुखायला लागल्यावर लगेच आलेल्या पेशंटचा पहिला ट्रोपोनिन नॉर्मल आला तरी कॅज्युअल्टीतून घरी पाठवत नाहीत, पुन्हा करतात. हा क्रम नुसता पाठ केलात तर तिथे तुमच्या हातून घात होईल, हे स्पष्टच सांगते.

आणि हे आकडे हृदयाचे आहेत. मेंदूतले न्यूरॉन ३ ते ५ मिनिटांत जातात, पायाचा स्नायू २-३ तास तग धरतो. मेंदूत रक्त थांबून झालेलं नेक्रोसिसही कोअ‍ॅग्युलेटिव्ह नसतं, लिक्विफॅक्टिव्ह असतं, म्हणजे मेलेला भाग विरघळून पातळ होतो.

अख्खं प्रकरण एका बैठकीत उरकणाऱ्या वन-शॉट व्हिडिओंबद्दल माझं मत कडक आहे: रिव्हिजनला बघा, पहिल्या वाचनाला अजिबात नको. दुप्पट वेगाने ऐकताना हा क्रम हमखास निसटतो. टॉपरच्या नोट्सचंही तसंच, त्या तिच्या डोक्यासाठी लिहिलेल्या असतात. शंका विचारायला मला पीजीच्या फर्स्ट इयरचे रेसिडेंट सगळ्यात चांगले वाटतात. स्वतः कुठे अडखळलो होतो ते त्यांना अजून आठवत असतं.

इंग्रजी अडखळतं म्हणून घाबरू नका. तुटक वाक्यांत का होईना, क्रम बरोबर सांगितलात तर परीक्षक ऐकून घेतात. जर्नलमध्ये मात्र मेलेल्या पेशीशेजारी नॉर्मल पेशी काढाच. आधी केंद्रक बघा: आक्रसून गडद झालंय, तुकडे पडलेत की पुसट होत चाललंय, आणि मग पेशीच्या बाकी भागासाठी गुलाबी पेन्सिल हातात घ्या.