नडगी जुळत नाही आणि कोणीतरी स्टेम सेल सुचवलं? पैसे भरायच्या आधी हे करा

स्कूटरवरून पडून नाहीतर माडावरून घसरून नडगी मोडली, आत रॉड घातला, पण कितीतरी महिने झाले तरी एक्सरेत फट तशीच, असं माणूस गोव्यात प्रत्येक वाड्यावर एखादं तरी सापडतंच. मग कोणीतरी सांगतं, स्टेम सेलचं, म्हणजे नवीन पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशींचं, इंजेक्शन घे, हाड आपोआप जुळतं. आपोआप काही जुळत नाही हो, पण सगळं थोतांड आहे असंही नाही.

पहिलं म्हणजे उतावीळ होऊ नका. साधारण ९ महिने झाले आणि शेवटच्या ३ महिन्यांत एक्सरेत काहीच फरक दिसला नाही की नॉनयुनियन, म्हणजे हाड न जुळणं, धरतात. नडगीला पुढून मांस नाही, नुसती कातडी, रक्तपुरवठा कमी, म्हणून ती इतर हाडांपेक्षा जास्त रखडते.

सगळे एक्सरे तारखेप्रमाणे लावून घ्या आणि दुसरं मत घ्यायला बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) ऑर्थो ओपीडीत जा, तिथे एकच गोष्ट नीट विचारा की माझं हाड कुठल्या प्रकारात अडकलंय. कारण प्रकार मुख्य दोन. एकात टोकांना भरपूर नवीन हाड येतं, हत्तीच्या पायासारखं जाड दिसतं, पण मधे जुळत नाही, म्हणजे पेशी आपलं काम करतायत पण हाड हलतंय, तिथे जाडा रॉड नाहीतर प्लेट लागते आणि स्टेम सेल टोचून पैसे पाण्यात. दुसऱ्यात टोकं बारीक, सुकलेली, नवीन हाड जवळजवळ नाहीच, खरा उपयोग झाला तर इथे. आणि इन्फेक्शन असेल तर आधी ते साफ करायचं. शुगर आणि व्हिटॅमिन डी तपासा, सिगरेट-बिडी बंद करा, हे फुकटचं औषध आहे पण कोणाला नको असतं. तारले मासे खाताय तर खा, चांगलेच आहेत, पण नुसत्या तारल्यांनी नॉनयुनियन जुळत नाही.

आता प्रत्यक्ष करतात काय. भूल देऊन कंबरेच्या हाडात जाड सुई घालून मज्जा ओढतात, मशीनमध्ये फिरवून घट्ट करतात आणि सी-आर्मवर, म्हणजे चालू एक्सरेच्या पडद्यावर, बघत फटीत सोडतात. मज्जेत हाड बनवणाऱ्या पेशी, म्हणजे ह्याच स्टेम सेल, मुळात फार थोड्या, त्यात एकाच जागेवरून भसाभस ओढलं तर नुसतं रक्तच येतं, म्हणून सुई फिरवत थोडं थोडं घ्यावं लागतं. फ्रान्सचे हाडांचे सर्जन हेर्निगू यांनी २००५ मध्ये ६० नडग्यांचा अनुभव छापला, ५३ जुळल्या, आणि ज्या ७ जुळल्या नाहीत त्यांना मिळालेल्या पेशी कमी होत्या. म्हणजे हात कोणाचा आहे त्याला महत्त्व आहे. कंबरेचं हाड काढून फटीत भरायचं जुनं ऑपरेशन अजून पहिल्या नंबरावर आहे, ते कोणी सुचवलं तर जुनाट म्हणून नाक मुरडू नका.

दंडातून रक्त काढून "स्टेम सेल" देतो म्हणाले तर उठून या, ते पीआरपी, म्हणजे रक्तातले नुसते प्लेटलेट असतात, स्टेम सेल नाही. बाळाची नाळ बँकेत ठेवलीय ती इथे कामाची नाही.

कायद्याचं बघा. आयसीएमआरच्या (देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्ताच्या काही आजारांतलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट सोडलं तर बाकी स्टेम सेल उपचार फक्त नोंदणी केलेल्या ट्रायलमध्ये, म्हणजे उपचाराच्या चाचणीत. तेव्हा सीटीआरआयचा, म्हणजे अशा ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला, नंबर मागा, तो नेटवर स्वतः तपासा, मराठीत किंवा कोंकणीत समजावून सांगितल्याशिवाय सही करू नका, आणि ट्रायल म्हणून वर लाखाचं बिल लावलं तर तिथून सरळ निघा. नेहमीचं ऑपरेशन गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डावर बसतं का ते काउंटरवर आधीच विचारून ठेवा.

टोचून घेतल्यावर लगेच पायावर भार द्यायचा नाही, किती द्यायचा ते डॉक्टरच सांगतील, मग दर महिना-दीड महिन्याने एक्सरे, चार बाजूंपैकी तीन बाजूंना हाड दिसलं की जुळलं म्हणतात, त्याला कित्येक महिने लागतात. कंबरेला सुईच्या जागी थोडे दिवस दुखतं, त्यावर घरात पडलेली ब्रुफेन स्वतःच्या मनाने खात बसू नका, तसल्या गोळ्यांनी हाड जुळायला उशीर होऊ शकतो, पॅरासिटामॉल चालते का ते विचारून घ्या.