फायबर घेताना या चुका टाळा: आधी दोन्ही टोकं, मग केबल

कोल्हापूरच्या उद्यमनगरात दुकानाच्या काउंटरवर फायबर, म्हणजे प्रकाशावर चालणारी काचेची केबल, घ्यायला कुणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला: "मीटरला कितीला बसतंय?" भाव विचारायलाच हवा, पण शेवटी. त्याआधी दोन्ही टोकांना कुठली यंत्रं बसणार, त्यांच्यात कुठलं मॉड्यूल (प्रकाश पाठवणारा-घेणारा भाग) आहे, अंतर किती आणि केबल कुठून जाणार, हे कागदावर उतरायला हवं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित वसाहत आणि शहरातल्या पेठा, अशा ठिकाणी मी फायबरची कामं करतो. बिघाड बघायला जातो तेव्हा आतली काच तुटलेली क्वचित सापडते. बहुतेक वेळा टोकांना जे बसवलंय त्याचा मधल्या केबलशी मेळच नसतो, आणि ती चूक खरेदीच्या दिवशीच झालेली असते.

सिंगलमोड की मल्टिमोड, हे न बघता ड्रम उचलणं

एका फौंड्रीतलं काम मला अजून आठवतं. वजनकाट्यापासून ऑफिस १८० मीटरवर. तांब्याची केबल १०० मीटरच्या पुढे चालत नाही म्हणून मध्ये शेडमध्ये एक स्विच टांगलेला. इंडक्शन भट्टी सुरू झाली की काट्यावरचं वजन ऑफिसात पोचायचं बंद. भट्टीच्या प्रचंड प्रवाहाभोवती जे चुंबकीय क्षेत्र तयार होतं, त्याचा त्रास तांब्याला होतो, काचेला होत नाही. म्हणून मालकांनी फायबर टाकायचं ठरवलं आणि तो निर्णय अगदी बरोबर होता.

फक्त ड्रम दुसऱ्या कुठल्या तरी कामातून उरलेला आणला होता, मल्टिमोडचा. मॉड्यूल आणि पॅचकॉर्ड (यंत्राला जोडायची छोटी केबल) मात्र सिंगलमोडचे. मी गेलो तेव्हा केबल टाकून झाली होती आणि मी तिच्या अंगावरची छपाई न वाचता जोडणी केली. लिंक लागली. दुसऱ्या दिवशी फोन, "अहो, काल तर चालू होतं की!" कुणी रॅकला हात लावला, केबल हलली, की लिंक जायची. मी मॉड्यूल बदलले, स्विच बदलला, जोड पुन्हा मारले आणि संध्याकाळी शेडबाहेर उभा असताना केबलवरचं "५०/१२५" वाचलं. एक अख्खा दिवस त्यात गेला.

यातली मेख नीट समजून घ्या. सिंगलमोडचा गाभा, म्हणजे प्रकाश जातो तो मधला भाग, सुमारे ९ मायक्रॉनचा, मल्टिमोडचा ५० किंवा जुन्या केबलमध्ये ६२.५ मायक्रॉनचा. पण गाभ्याभोवतीचं काचेचं आवरण दोन्हींत १२५ मायक्रॉनचंच. त्यामुळे एकाचा कनेक्टर दुसऱ्याच्या कपलरमध्ये (दोन कनेक्टर समोरासमोर जोडणाऱ्या तुकड्यात) अलगद बसतो आणि स्प्लायसरही (काच वितळवून जोडणारं मशीन) निमूट जोड मारून देतो. लहान गाभ्यातून मोठ्यात प्रकाश सहज शिरतो. मोठ्यातून लहानात येताना बराचसा बाहेरच राहतो. जे उरतं त्यावर लिंक कधी लागते, कधी जाते.

पॅचकॉर्डचा रंग बघून अंदाज येतो: पिवळा म्हणजे सिंगलमोड, फिकट निळसर-हिरवा म्हणजे मल्टिमोडचा ओएम३ किंवा ओएम४ प्रकार, नारिंगी म्हणजे मल्टिमोडचाच जुना ओएम१ किंवा ओएम२. बाहेर टाकायची केबल मात्र दोन्ही प्रकारांत काळीच येते. तिथे छपाईच वाचायची. ९/१२५, ओएस२ किंवा जी ६५२ डी लिहिलेलं असेल तर सिंगलमोड. ५०/१२५ किंवा ६२.५/१२५ असेल तर मल्टिमोड.

नवीन काम असेल तर दोन इमारतींमध्ये सिंगलमोडच टाका, असं माझं स्पष्ट मत आहे. दहा जीबीपीएसचं एसआर (कमी पल्ल्याचं) मॉड्यूल ओएम३ वर ३०० मीटर, ओएम४ वर ४०० मीटर आणि जुन्या ६२.५ मायक्रॉनच्या केबलवर फक्त ३३ मीटर चालतं. सिंगलमोडवर एलआर (जास्त पल्ल्याचं) मॉड्यूल १० किलोमीटर जातं. पुढे वेग वाढवायचा झाला तर सिंगलमोडची केबल जमिनीत तशीच राहते, मॉड्यूल तेवढे बदलायचे. एकाच खोलीतल्या दोन रॅकमध्ये मल्टिमोड वापरायला काहीच हरकत नाही.

मॉड्यूलची जोडी आणि अंतर

एका कोरवर (एका काचतंतूवर) चालणारे मीडिया कन्व्हर्टर (तांब्याच्या लाइनला फायबर जोडणारे डबे) आणि मॉड्यूल जोडीनेच येतात, ए आणि बी. एक १३१० नॅनोमीटरवर पाठवतो आणि १५५० वर घेतो, दुसरा उलट. एक जळाला म्हणून बाजारातून "तसलाच एक" आणला आणि दोन्हीकडे ए बसले, तर लिंक कधीच लागणार नाही. जळालेला नमुना सोबत घेऊन जा आणि शिल्लक ठेवताना दोन्ही ठेवा.

दुसरी चूक जास्त चांगलं घेण्याच्या नादात होते. ३०० मीटरसाठी ८० किलोमीटरचं मॉड्यूल. लांब पल्ल्याच्या मॉड्यूलचा प्रकाश जोरदार असतो आणि समोरचा रिसीव्हर नाजूक. जवळच्या अंतरावर तो दिपून जातो, चुका यायला लागतात, कधी कायमचा निकामीही होतो. असं मॉड्यूल वापरावंच लागलं तर मध्ये अटेन्युएटर (प्रकाश कमी करणारा तुकडा) घाला. आणि दोन कोरच्या मॉड्यूलवर लिंक लागत नसेल तर सगळ्यात आधी एका टोकाला दोन्ही पिना अदलाबदल करून बघा. इकडचं पाठवणारं तोंड तिकडच्या घेणाऱ्या तोंडाला जायला हवं.

हिरवं निळ्याला जोडणं, आणि धूळ

एससी कनेक्टरची पांढरी नळी २.५ मिलिमीटरची, एलसीची १.२५ मिलिमीटरची. ते एकमेकांत बसतच नाहीत, त्यामुळे तिथे चूक होत नाही. चूक होते ती एससी हिरवा आणि एससी निळा यांच्यात, कारण दोन्ही एकाच कपलरमध्ये बसतात, "टक" आवाजही येतो.

निळा म्हणजे यूपीसी, टोक सरळ घासलेलं. हिरवा म्हणजे एपीसी, टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं. टोकावरून परतणारा थोडासा प्रकाश पुन्हा गाभ्यात न जाता बाजूला फेकला जावा, म्हणून ते तिरकं असतं. केबल टीव्हीचा सिग्नल त्याच फायबरवरून येतो तिथे हे फार महत्त्वाचं ठरतं. हिरवा आणि निळा समोरासमोर आले की टोकं टेकत नाहीत, मध्ये हवेची फट राहते. काही डीबी (प्रकाशाची तूट मोजायचं एकक) तिथेच जातात, परावर्तन वाढतं, आणि जोर लावला तर टोकांना ओरखडे येतात. राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये ऑनलाइन तास मध्येच अडकायचा. राउटर दोनदा बदलून झाला होता. ओएनयूचं (फायबर ज्याला जोडतात त्या इंटरनेटच्या डब्याचं) तोंड निळं आणि भिंतीवरच्या डबीतून आलेला कनेक्टर हिरवा, एवढंच कारण होतं. एका बाजूला हिरवा आणि दुसऱ्या बाजूला निळा असा पॅचकॉर्ड मिळतो. डबीत तो लावला आणि तक्रार थांबली. ओएनयूचं तोंड कुठल्या रंगाचं आहे ते आधी बघा, मग पॅचकॉर्ड घ्या.

धुळीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. गाभा ९ मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. डोळ्याला न दिसणारा कण त्या गाभ्यावर बसला तरी प्रकाशाची वाट अडते. फौंड्रीत तर वाळू आणि काळी पूड हवेतच असते. तिथे टोपी काढून ठेवलेला कनेक्टर चहा घेऊन येईपर्यंत खराब झालेला असतो. पिशवीतून काढलेला नवा कोरा पॅचकॉर्डही आधी पुसूनच लावायचा. शर्टाला पुसायचा नाही, तोंडाने फुंकायचा नाही, कारण फुंकरीतली वाफ टोकावर बसते. पेनासारखा एक क्लिकचा क्लीनर मिळतो, तो कपलरच्या आतलं टोकही साफ करतो. चिकट डाग असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारा कागद. आणि दोन्ही टोकं पुसायची. एकच पुसलं तर समोरची घाण लगेच त्यावर येते.

फास्ट कनेक्टर, म्हणजे मशीनशिवाय जागेवरच बसवायचा कनेक्टर, त्याबद्दलही इथेच सांगतो. घरात येणाऱ्या ड्रॉप केबलला तो ठीक आहे. कारखान्याच्या मुख्य लाइनला नको. आत फायबरचं टोक नुसतं चिमटीत धरलेलं असतं, मध्ये जेल. उष्णता आणि हादऱ्यांनी ते सरकतं. मुख्य लाइनला पिगटेल (एका टोकाला आधीच कनेक्टर बसवलेला तुकडा) घ्या आणि मशीनने स्प्लायसिंग करून एलआययूमध्ये (केबलची टोकं ठेवायच्या डबीत) बसवा.

वाटेचा विचार न करता केबल निवडणं

आपल्याकडची वाट म्हणजे उसाचं रान, नाला आणि पावसाळा. बांधावरून पुरलेल्या साध्या केबलला घुशी कुरतडतात. तिथे पोलादी पट्टीची आर्मर्ड केबल किंवा किमान ४० मिलिमीटरचा एचडीपीई पाइप हवाच. ऊस तुटून गेला की पाचट पेटवतात. बांधावर उघडी टाकलेली किंवा खांबावरून खाली झोळ पडलेली केबल त्यात भाजते. तोडणीच्या हंगामाआधी झोळ ओढून घ्या.

आर्मर्ड केबल घेतली की एक जबाबदारी येते. काचेतून वीज जात नाही, पण त्या पोलादी पट्टीतून जाते. एका इमारतीजवळ वीज पडली तर ती पट्टीवरून दुसऱ्या इमारतीच्या रॅकपर्यंत येऊ शकते. इमारतीत शिरताना पट्टी अर्थ करा. घुशींचा त्रास नसेल तर धातू अजिबात नसलेली, एफआरपी (काचतंतू-प्लॅस्टिक) दांड्याची केबल घ्या, म्हणजे तो प्रश्नच उरत नाही. इमारतीच्या आतून मात्र बाहेरची काळी, जेल भरलेली केबल मजल्यामजल्यांतून फिरवू नका. आग लागली तर ती धूर ओकते. आतल्या वाटेला एलएसझेडएच (कमी धूर सोडणाऱ्या) आवरणाची केबल असते.

पुराचं वेगळं. २०१९ आणि २०२१ मध्ये शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर परिसरात पाणी कुठवर आलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना इशारा पातळीला आणि ४३ फुटांना धोका पातळीला पोचते. बातमीत हे आकडे यायला लागले की रॅक उचलायला माणूस मिळत नाही. त्या भागात एलआययू आणि स्विच पहिल्या मजल्यावर घ्या. जमिनीखालच्या चेंबरमध्ये कपलरची जोडणी कधीच ठेवू नका. तिथे फक्त स्प्लायसिंग, आणि तेही पाण्यात बुडालं तरी चालेल अशा सीलबंद एन्क्लोजरमध्ये. गाळाचं पाणी कपलरमध्ये शिरलं की ते टोक गेलंच म्हणून समजा.

गरज दोन कोरची असली तरी ६ किंवा १२ कोरची केबल टाका. खर्च खोदाईचा असतो, जास्तीच्या कोरचा नाही. टोकाला आणि प्रत्येक जोडाजवळ १० मीटरची गुंडाळी सोडा. जेसीबीने केबल तोडली की ती गुंडाळीच कामाला येते.

ओढताना वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या २० पट, बसवून झाल्यावर किमान १० पट. ताण आतल्या पिवळ्या केवलारच्या धाग्यांवर द्या, वरच्या आवरणावर नाही. प्लॅस्टिकचे टाय करकचून आवळू नका. रॅकमध्ये वेल्क्रो वापरा.

लाल लाइट आला म्हणजे झालं, असं समजणं

"दादा, लाल लाइट येतोय की पलीकडं!" हे मी प्रत्येक साइटवर ऐकतो. लाल पेन काच अखंड आहे आणि कोर बरोबर आहे एवढंच सांगतो. प्रकाश निम्म्यापेक्षा जास्त गळत असला तरी तो लाल ठिपका डोळ्याला छान दिसतो. पॉवर मीटरशिवाय (पोचलेला प्रकाश मोजणारं यंत्र) काम पुरं झालं असं म्हणू नका.

आकडेमोड सोपी आहे. ६०० मीटर सिंगलमोड, १३१० वर किलोमीटरला ०.३५ डीबी धरून ०.२१. दोन स्प्लायसिंग, प्रत्येकी ०.१ धरून ०.२. दोन कनेक्टर, प्रत्येकी ०.५ धरून १. एकूण सुमारे १.४ डीबी. पलीकडचं मॉड्यूल उणे ३ डीबीएम (प्रकाशाच्या जोराचं एकक) पाठवत असेल तर इकडे उणे ४.४ च्या आसपास यायला हवं. बऱ्याच स्विचमध्ये मॉड्यूलला मिळणारी पॉवर थेट दिसते. तिथे उणे १२ दिसत असेल तर लिंक आज चालू असली तरी सुमारे साडेसात डीबी कुठेतरी गळतायत. १० किलोमीटरच्या एलआर मॉड्यूलला उणे १४.४ पर्यंतच भागतं. थोडी धूळ आणखी बसली की ती बंद पडणार.

गळती कुठे ते शोधायला दोन तरंगलांब्यांवर मोजा. १५५० वर १३१० पेक्षा जास्त तूट आली तर केबल कुठेतरी मुडपलेली किंवा टायने आवळलेली आहे, कारण वळणावर १५५० जास्त गळतो. दोन्हींवर सारखीच वाढली असेल तर कनेक्टर घाण आहे किंवा जोड खराब. आधी पुसा, परत मोजा, मगच ओटीडीआर (दोष किती अंतरावर आहे ते दाखवणारं यंत्र) उघडा. ओटीडीआरला जवळचं टोक नीट दिसत नाही, म्हणून पुढे दीडशे-दोनशे मीटरची लाँच केबल जोडा. तो दाखवतो ते काचेचं अंतर. गुंडाळ्या त्यातच मोजलेल्या असतात, त्यामुळे जमिनीवर पावलं मोजत गेलात तर चुकीच्या जागी खोदाल. आवरणावर छापलेले मीटरचे आकडे सुरुवातीला, शेवटी आणि प्रत्येक जोडापाशी लिहून ठेवलेले असतील तर जागा पटकन सापडते.

हे काम करताना चालू फायबरच्या तोंडात डोळा लावून बघू नका. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. तुटलेले तुकडे झाकणाच्या बाटलीत टाका.

काम सुपूर्द करताना मी रॅकच्या दाराला आतून एक कागद चिकटवतो. केबलचा प्रकार, मीटरचे आकडे, कोरचे रंग निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी अशा क्रमाने कुठे जोडलेत ते, आणि पहिल्या दिवशीची दोन्ही टोकांची पॉवर. शेजारी पिशवीत दोन पॅचकॉर्ड, मॉड्यूलची एक जोडी, क्लीनर पेन आणि काढलेल्या सगळ्या टोप्या.