अनेक दिवसांच्या डायव्हिंग सफरीसाठी सामान कसे भरावे

बोटीवरच मुक्काम करून सलग पाच-सहा दिवस डायव्हिंग करायचे असेल, तर सामान भरण्याचा विचार नेहमीच्या सहलीपेक्षा वेगळ्या पद्धतीने करावा लागतो. किनारा सुटल्यानंतर वाटेत दुकान, डॉक्टर किंवा दुरुस्ती करणारा मिळण्याची शक्यता जवळजवळ नसते, आणि दिवसाला तीन-चार वेळा पाण्यात उतरायचे असल्याने एखादी क्षुल्लक वस्तू तुटली तरी त्या दिवसाच्या सगळ्या बुड्या हातच्या जाऊ शकतात. म्हणून कपडे मनात येतात त्याच्या निम्मे घ्यावेत आणि वाचलेली जागा व वजन सुट्या भागांना, सुरक्षेच्या साधनांना आणि औषधांना द्यावे.

सुरुवात कागदपत्रांपासून करावी. प्रमाणपत्राचे कार्ड, नायट्रॉक्स (ऑक्सिजनचे प्रमाण जास्त असलेली हवा) वापरायचा असल्यास त्याचे वेगळे कार्ड, अलीकडच्या बुड्यांची नोंद असलेली लॉगबुक आणि डायव्हिंगच्या अपघातांचा खर्च भागवणारी विमा पॉलिसी, या सर्वांची एक प्रत कागदावर आणि एक फोनमध्ये असावी, कारण बोटीवर इंटरनेट मिळेलच असे नाही. साधा प्रवास विमा पुष्कळदा डायव्हिंगला किंवा ठराविक खोलीपलीकडच्या डायव्हिंगला लागू नसतो, तेव्हा पॉलिसीतील अटी घरीच वाचाव्यात. सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते वैद्यकीय प्रश्नावलीकडे. बोटीवर चढताना ती भरून द्यावी लागते, आणि दमा, हृदयविकार किंवा अलीकडची शस्त्रक्रिया यांसारख्या प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर असेल, तर डॉक्टरांची सही मागितली जाते. ती सही समुद्रात मिळणार नाही. प्रश्नावली आधीच मागवून घ्यावी, प्रामाणिकपणे भरावी आणि गरज असल्यास सही घेऊनच निघावे.

बॅग मऊ, घडी घालता येणारी असावी. केबिन लहान असते आणि चाकांची कडक सुटकेस ठेवायला तिथे जागा नसते. विमानाने जायचे असल्यास मास्क, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासासाठी तोंडाशी आणणारे साधन), डाइव्ह कॉम्प्युटर (खोली व वेळ मोजून शरीरात साचलेल्या नायट्रोजनचा हिशोब ठेवणारे उपकरण), नेहमीची औषधे आणि पोहण्याचा एक पोशाख हातातल्या बॅगेत ठेवावा. चेक-इन केलेली बॅग उशिरा आली, तरी वेटसूट (अंग ऊबदार ठेवणारा पोशाख), बीसीडी (तरंगणे नियंत्रित करणारे, हवा भरायचे जाकीट) आणि फिन्स (पायांत घालायचे पंख) बोटीवर भाड्याने मिळू शकतात. पण चेहऱ्याला नीट बसणारा मास्क, विशेषतः नंबरच्या काचांचा, दुसऱ्याकडून मिळणे कठीण. सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानाच्या नियमांनुसार हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटरीला सहसा वेगळी परवानगी लागत नाही, १०० ते १६० वॅट-तासांच्या बॅटरीसाठी विमान कंपनीची संमती घ्यावी लागते. बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी. पाण्याखालची टॉर्च चुकून सुरू झाली तर हवेत ती चांगलीच तापते, म्हणून तिची बॅटरी काढून ठेवावी. कापण्याचे साधन मात्र चेक-इनच्या बॅगेतच जाईल.

सामान बॅगेत जाण्यापूर्वी त्याची तपासणी करावी, आणि हे काम निघण्याच्या आदल्या रात्रीसाठी ठेवू नये. रेग्युलेटरची सर्व्हिसिंग करायची असेल, तर ती किमान महिनाभर आधी करून घ्यावी आणि नंतर तलावात किंवा जवळपासच्या पाण्यात एकदा वापरून पाहावा, कारण नव्याने बसवलेल्या भागांतील दोष बहुधा पहिल्या-दुसऱ्या वापरातच दिसतात. तोंडात धरायच्या रबरी तुकड्याची दातांखाली येणारी टोके बोटांनी ताणून पाहावीत. तिथे केसाएवढी चीर असेल, तर तो बदलावा. प्रत्येक होज (हवेची रबरी नळी) जोडाजवळ हलकेच वाकवावी, म्हणजे सरळ स्थितीत लपलेल्या भेगा उघड्या होतात. बीसीडीत हवा भरून ती रात्रभर तशीच ठेवावी आणि सकाळी किती कडक राहिली आहे ते पाहावे. डाइव्ह कॉम्प्युटरची बॅटरी अर्धी उरली असेल तरी निघण्यापूर्वीच बदललेली बरी. काही कॉम्प्युटरमध्ये बॅटरी बदलताना शरीरातील नायट्रोजनचा हिशोब पुसला जातो, आणि सफरीच्या मध्यावर असे झाले, तर पुन्हा सुरक्षितपणे बुडी मारण्यासाठी बराच काळ थांबावे लागते. याच कारणाने कॉम्प्युटर दोघांत मिळून वापरू नये. प्रत्येकाची खोली आणि वेळ थोडी वेगळी असते, आणि दिवसागणिक तो फरक साचत जातो.

आता सुट्या भागांची डबी. हिच्यासाठी घट्ट झाकणाचा लहान प्लॅस्टिकचा डबा पुरतो, आणि सगळ्या सामानात मी सर्वाधिक महत्त्व देतो तो हिलाच. मास्कचा आणि फिन्सचा प्रत्येकी एक जादा पट्टा, तोंडात धरायचा एक रबरी तुकडा, तो आवळण्यासाठी मूठभर झिप टाय, वेगवेगळ्या मापांच्या ओ-रिंग (जोडांतली गळती रोखणाऱ्या रबरी कड्या), त्या काढण्यासाठी प्लॅस्टिकची किंवा पितळेची बोथट टोकाची सळई, थोडे सिलिकॉन ग्रीस, होजचे जोड उघडण्यासाठी पाना व ॲलन की, बंजी दोरी, दोन-तीन क्लिप आणि वेटसूट चिकटवायचे निओप्रीनचे सिमेंट एवढे तिच्यात असावे. धातूच्या टोकदार वस्तूने ओ-रिंग काढल्यास खाचेवर ओरखडा उमटतो आणि नवी ओ-रिंग बसवूनही गळती थांबत नाही. म्हणून सळईचा आग्रह. रेग्युलेटर सिलिंडरला जोडण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत: फिरवून बसवायची ‘डिन’ आणि वरून आवळायची ‘योक’. बोटीवर कोणती आहे हे आधी विचारून घ्यावे आणि फरक असल्यास अडॅप्टर सोबत न्यावा. सिलिंडर आणि वजने बोट पुरवते, ती नेण्याची गरज नाही. शक्य असल्यास एक जादा मास्कही घ्यावा. तो नवा असेल, तर काचेवरचा कारखान्यातला पातळ थर टूथपेस्टने घासून आधीच काढावा, नाहीतर तो सतत धुरकटत राहील.

थंडीचा अंदाज बहुतेकांचा कमी पडतो. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट उष्णतावाहक आहे, आणि दिवसातून चार वेळा तासतासभर पाण्यात राहिल्यावर २८ अंश सेल्सिअसचे पाणीही चौथ्या दिवशी गार वाटू लागते. एकाच बुडीसाठी ३ मिलिमीटरचा वेटसूट पुरत असेल, तर अशा सफरीला ५ मिलिमीटरचा घ्यावा, किंवा आतून घालायचा बनियन व हूड तरी सोबत असावा. पाण्याबाहेर आल्यावर वाऱ्याने जास्त त्रास होतो, म्हणून वारा अडवणारे जाकीट आणि कानटोपी उष्ण प्रदेशातही न्यावी. हातमोजे मात्र विचारून घ्या. हात उघडे असले की माणूस प्रवाळाला स्पर्श करणे टाळतो, या विचाराने काही संरक्षित सागरी क्षेत्रांत त्यांना बंदी आहे. काही ठिकाणी चाकूलाही आहे.

खुल्या समुद्रात प्रवाहाने बोटीपासून दूर नेल्यास वर येणाऱ्याचे डोके लाटांत काही शे मीटरवरूनही दिसत नाही. त्यामुळे फुगवून उभा करायचा मार्कर बॉय आणि त्याचा दोर गुंडाळलेला रीळ प्रत्येकाकडे स्वतःचा असावा, गाइडकडे आहे म्हणून आपल्याला नको असे समजू नये. बॉय किमान दीड मीटर उंचीचा आणि केशरी किंवा पिवळ्या रंगाचा घ्यावा, आणि पाण्याखालून सोडण्याचा सराव सफरीपूर्वी करावा. सोबत शिट्टी, छोटा आरसा आणि रात्रीच्या बुडीसाठी दोन टॉर्च असाव्यात, एक मुख्य आणि एक खिशातली.

औषधांविषयी डॉक्टरांशी बोलूनच निर्णय घ्यावा, आणि आपण डायव्हिंग करणार आहोत हे त्यांना स्पष्ट सांगावे. बोट लागण्यावरच्या काही गोळ्यांनी गुंगी येते. तेव्हा कोणतीही गोळी प्रथम जमिनीवर घेऊन पाहावी, आणि सफरीत मळमळ सुरू होण्याची वाट न पाहता आधीच घ्यावी. सर्दीत चोंदलेले नाक मोकळे करणाऱ्या औषधावर विसंबून पाण्यात उतरणे धोक्याचे आहे, कारण त्याचा परिणाम खोलवर असतानाच ओसरला, तर वर येताना सायनसमधील हवेला वाट मिळत नाही. सततच्या ओलाव्याने कानाच्या नळीला संसर्ग होतो. त्यासाठी कान कोरडे करणारे थेंब डॉक्टरांकडून लिहून घ्यावेत. पडद्याला छिद्र असल्यास ते वापरायचे नसतात.

कपड्यांना फार जागा लागणार नाही. पोहण्याचे दोन पोशाख, म्हणजे एक वाळत असताना दुसरा अंगावर राहील, दोन-तीन सुती टी-शर्ट, अर्धी पँट, लांब बाह्यांचा एक रॅश गार्ड (पाण्यात घालायचा अंगाला घट्ट बसणारा शर्ट) आणि प्रवासाचा जोड एवढे पुरते. बहुतेक बोटींवर चपला-बूट चढतानाच काढून ठेवावे लागतात. सनस्क्रीन प्रवाळाला अपायकारक रसायने नसलेले घ्यावे. पलाऊ या प्रशांत महासागरातील बेटराष्ट्राने २०२० पासून अशा सनस्क्रीनवर बंदी घातली आहे आणि हवाईत २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीला मनाई आहे. अंग झाकणारा कपडा असला की सनस्क्रीन मुळातच कमी लागते. पाण्याची स्वतःची बाटली ठेवावी आणि ती दिवसभर रिकामी करत राहावे.

कॅमेरा, टॉर्च आणि फोन यांच्या चार्जिंगची तयारी करताना सुरक्षितता आधी पाहावी. २ सप्टेंबर २०१९ रोजी कॅलिफोर्नियाच्या सांता क्रूझ बेटाजवळ ‘कन्सेप्शन’ या डायव्हिंग बोटीला रात्री आग लागून खालच्या मजल्यावर झोपलेल्या ३४ जणांचा मृत्यू झाला. आगीचे नेमके कारण निश्चित झाले नाही, पण चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांची शक्यता तपासात विचारात घेतली गेली, आणि रात्री फिरता पहारा नव्हता ही त्रुटी ठळकपणे समोर आली. मूळ कंपनीचेच चार्जर न्यावेत, फुगलेली किंवा जुनी बॅटरी घरी ठेवावी, झोपताना केबिनमध्ये काहीही चार्जिंगला लावू नये आणि पहिल्याच दिवशी बाहेर पडण्याचे दोन्ही मार्ग स्वतः चालून पाहावेत.

परतीची तयारीही निघतानाच करायची असते. अनेक दिवस डायव्हिंग केल्यावर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास जाऊ द्यावेत, असा डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंगच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या संस्थेचा सल्ला आहे; कित्येक डायव्हर २४ तास पाळतात आणि मीही तेच सुचवीन. तिकीट त्याप्रमाणे काढले, तर हा वेळ सामान गोड्या पाण्यात धुऊन वाळवायला मिळतो. ओला वेटसूट आणि बीसीडी मिळून वजनाची मर्यादा सहज ओलांडतात, तेव्हा बीसीडीच्या आत साचलेले पाणी उलटे धरून काढून टाकावे आणि तरीही जे ओलसर राहील, ते ठेवायला दोन मोठ्या जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या बॅगेच्या तळाशी आधीच घालून ठेवाव्यात.