पदवीच्या पहिल्या सत्रापासून श्रेयांकांचा हिशेब कसा ठेवावा

जुन्या पद्धतीत बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी.ला प्रवेश घेतला की विषय ठरून जात, परीक्षेनंतर गुणपत्रिका हाती येई आणि एटीकेटीच्या नियमात बसत असल्यास पुढचे वर्ष सुरू होई. हिशेब ठेवणे हे महाविद्यालयाच्या कार्यालयाचे आणि विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचे काम होते. केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जुलै २०२० रोजी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर केले आणि त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने जे नियम आणले, त्यांनी हा हिशेब बऱ्याच अंशी विद्यार्थ्याच्या अंगावर टाकला आहे. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत सर्वसाधारणपणे २०२४-२५ पासून पदवीचा अभ्यासक्रम श्रेयांकांवर, म्हणजे बोलण्यातल्या ‘क्रेडिट’वर, चालू झाला. प्रवेशाच्या दिवसांत विद्यार्थ्यांचे अर्ज तपासताना जे वारंवार अडलेले दिसते, ते लक्षात घेऊन पुढील सूचना लिहिल्या आहेत.

प्रथम एक साधी वही घ्यावी आणि प्रत्येक सत्राला एक पान द्यावे. पानावर विषयाचे नाव, विषयाचा कोड, प्रकार, श्रेयांक, निकाल आणि ‘श्रेयांकांच्या ऑनलाइन खात्यात जमा झाले का’ असे रकाने आखावेत. मोबाइलमध्येही हे करता येते. परंतु खिडकीवर उभे राहून चौकशी करताना वहीचे पान पुढे सरकवणे जितके सोपे जाते, तितके स्क्रीनशॉट शोधणे जात नाही, असा माझा अनुभव आहे.

श्रेयांक म्हणजे गुण नव्हेत. एका सत्रात १५ तासांचे वर्गातील अध्यापन म्हणजे १ श्रेयांक, तर प्रात्यक्षिक, क्षेत्रकार्य किंवा इंटर्नशिप असल्यास १ श्रेयांकासाठी ३० तास लागतात. विषयात ४५ गुण मिळोत की ९५, उत्तीर्ण झालेल्याला श्रेयांक तेवढेच मिळतात. गुणांचा परिणाम श्रेणीवर होतो, श्रेयांकांच्या संख्येवर होत नाही. आयोगाच्या आराखड्यात पहिल्या वर्षाअखेर ४०, दुसऱ्या वर्षाअखेर ८०, तिसऱ्या वर्षाअखेर १२० आणि चौथ्या वर्षाअखेर १६० श्रेयांक किमान मानले आहेत. महाराष्ट्रात सत्राला २० ते २२ श्रेयांक धरले जात असल्याने हेच आकडे अनुक्रमे ४४, ८८, १३२ आणि १७६ पर्यंत जातात. आपल्या विद्यापीठाचा नेमका आकडा कोणता, हे अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेतून पाहून वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावे.

विषयांची रचना हा सर्वांत गोंधळाचा भाग आहे, म्हणून तेथे थोडे थांबू. पहिल्या सत्राची एक प्रचलित मांडणी पाहा: प्रमुख विषयाचे ६ श्रेयांक, खुल्या वैकल्पिक विषयांचे ४, आणि त्यानंतर व्यावसायिक कौशल्य, कौशल्यवृद्धी, भाषेचा समावेश असलेली क्षमतावृद्धी, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली व सहअभ्यासक्रम या सहा प्रकारांचे प्रत्येकी २. बेरीज २२ होते. (विज्ञान शाखेत काही विद्यापीठे पहिल्या वर्षी तीन विषय समान ठेवतात आणि त्यांतून प्रमुख विषय दुसऱ्या वर्षी निवडायला सांगतात, तेथे ही मांडणी वेगळी दिसेल.) या बेरजेकडे नीट पाहिले की लक्षात येते, की ज्या विषयासाठी विद्यार्थ्याने प्रवेश घेतला त्याचे ६ श्रेयांक आहेत आणि उरलेल्यांचे १६. दोन श्रेयांकांचा विषय म्हणजे हजेरीपुरता विषय, हा समज वर्गावर्गांत पसरलेला आहे आणि तो महागात पडतो. भारतीय ज्ञान प्रणालीचे २ श्रेयांक राहिले, तर प्रमुख विषयात पहिला आलेला विद्यार्थीही पदवीच्या यादीत येत नाही. इतके छोटे छोटे विषय एकाच सत्रात कोंबणे शहाणपणाचे होते का, याविषयी माझ्या मनात शंका आहे. वेळापत्रक फाटते, अंतर्गत मूल्यमापनाच्या तारखा एकावर एक येतात आणि शिकवणाऱ्यांचीही दमछाक होते. पण रचना आहे तशी आहे, तेव्हा अंतर्गत परीक्षांच्या तारखा सत्राच्या सुरुवातीलाच वहीत उतरवून घेणे हाच उपाय उरतो.

खुला वैकल्पिक विषय आपल्या विद्याशाखेबाहेरचा असावा लागतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने कला किंवा विज्ञान शाखेतील विषय घ्यावा, अशी ती कल्पना आहे. प्रत्यक्षात महाविद्यालयाकडे जेवढे प्राध्यापक आणि खोल्या असतील तेवढेच विषय ‘बास्केट’मध्ये येतात, म्हणून अर्ज भरण्याआधी बास्केटची छापील यादी मागून घ्यावी आणि मित्राने घेतला म्हणून विषय घेण्याऐवजी त्याचा अभ्यासक्रम एकदा वाचावा. गौण विषयाची, म्हणजे मायनरची, निवड याहून गंभीर आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी आयोगाने २०२४ मध्ये आणलेल्या आराखड्यानुसार पदवीच्या प्रमुख विषयात किंवा गौण विषयात, दोन्हींपैकी कशातही पुढे पदव्युत्तर शिक्षण घेता येते. इतिहास प्रमुख आणि अर्थशास्त्र गौण असलेल्या विद्यार्थ्यासमोर अशा रीतीने दोन वाटा राहतात. नावात ‘गौण’ असले तरी हा विषय उरलासुरला म्हणून निवडू नये.

आता खाते. श्रेयांक साठवण्यासाठी ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ ही व्यवस्था २०२१ मध्ये सुरू झाली आणि तिचा १२ अंकी क्रमांक, म्हणजे एबीसी किंवा अपार आयडी, डिजिलॉकरमधून काढता येतो. त्यासाठी आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक चालू असावा लागतो, आणि येथेच पहिली अडचण येते, कारण पुष्कळ विद्यार्थ्यांच्या आधारला वडिलांचा जुना, आता बंद पडलेला क्रमांक जोडलेला असतो. तो आधार केंद्रात जाऊन आधी बदलून घ्यावा. दुसरी अडचण नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असतो. आधारवर बहुधा स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा असतो. आणि इंग्रजी स्पेलिंगमधील एखादे जादा अक्षर दोन्हींपैकी एकातच असते. क्रमातील फरकाने सहसा बिघडत नाही, पण स्पेलिंग, जन्मतारीख किंवा लिंगाची नोंद जुळत नसेल, तर महाविद्यालयाने पाठवलेली माहिती खात्याशी जुळत नाही आणि श्रेयांक मध्येच अडकून राहतात. चूक आधारवर असेल तर ती तेथे आणि विद्यापीठाच्या नोंदीत असेल तर महाविद्यालयामार्फत दुरुस्त करून घ्यावी. तिसऱ्या वर्षापर्यंत वाट पाहू नये.

खात्यात श्रेयांक विद्यार्थ्याला स्वतः भरता येत नाहीत. ते शैक्षणिक संस्थाच जमा करते. विद्यार्थ्याने करायचे ते एवढेच, की आयडी प्रवेश अर्जात आणि परीक्षा अर्जात अचूक लिहायचा आणि प्रत्येक निकालानंतर काही आठवड्यांनी डिजिलॉकर उघडून वहीतील रकाना भरायचा.

कार्यप्रशिक्षण, क्षेत्र प्रकल्प आणि इंटर्नशिप यांचे श्रेयांक तासांवर मोजले जातात, त्यामुळे ४ श्रेयांकांच्या कार्यप्रशिक्षणाला १२० तास भरावे लागतात. एका विद्यार्थ्याने एका लेखापरीक्षकाच्या कार्यालयात मन लावून काम केले, पण आणलेल्या पत्रावर ‘दोन महिने काम समाधानकारक’ एवढेच होते. तासांचा उल्लेख नाही, तारखा नाहीत, शिक्का नाही. नवीन पत्र मिळेपर्यंत अहवाल सादर करण्याची मुदत टळली. तेव्हा काम सुरू होतानाच महाविद्यालयाचा ठरलेला नमुना नेऊन द्यावा, रोजची हजेरी त्यावर सहीसह घ्यावी आणि शेवटच्या दिवशी एकूण तास आकड्यांत लिहून घ्यावेत.

केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या संकेतस्थळावरील ऑनलाइन अभ्यासक्रमांतूनही श्रेयांक मिळवता येतात. आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय या मार्गाने घेण्याची परवानगी संस्था देऊ शकते. ‘देऊ शकते’ या शब्दांकडे लक्ष द्यावे. आपल्या महाविद्यालयाने तो अभ्यासक्रम मान्य केलेला नसेल, तर प्रमाणपत्र भिंतीवर लावता येईल, श्रेयांक मात्र मिळणार नाहीत. म्हणून नोंदणीपूर्वी विभागप्रमुखांची लेखी संमती घ्यावी आणि अंतिम परीक्षेचा अर्ज व शुल्क स्वतंत्रपणे भरावे लागते हे विसरू नये.

मध्येच शिक्षण थांबवावे लागले तर काय, हा प्रश्न घरची परिस्थिती बेताची असलेले विद्यार्थी दबक्या आवाजात विचारतात, आणि या सुधारणांचा खरा उपयोग त्यांनाच व्हायला हवा. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका आणि तिसऱ्यानंतर पदवी घेऊन बाहेर पडता येते. परंतु प्रमाणपत्र किंवा पदविका आपोआप मिळत नाही: त्या वर्षापर्यंतचे सर्व श्रेयांक पूर्ण असावे लागतात, शिवाय ४ श्रेयांकांचा व्यावसायिक कौशल्याचा अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप जादा करावी लागते, आणि ती बहुधा उन्हाळी सुट्टीत असते. बाहेर पडल्यापासून तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि पदवी एकूण सात वर्षांत पूर्ण करावी लागते. म्हणून केवळ येणे बंद करू नये, तर बाहेर पडण्याचा रीतसर अर्ज द्यावा आणि त्या दिवसाची तारीख वहीत लिहावी, कारण मुदत तेथून मोजली जाते. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: प्रमाणपत्र किंवा पदविका म्हणजे पदवी नव्हे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेला आजही पदवीच लागते.

परत येताना दुसऱ्या महाविद्यालयात जायचे असेल, तर जुन्या सत्रांचे अभ्यासक्रम छापून जवळ ठेवावेत. कोणता विषय कशाच्या बरोबरीचा मानायचा, हे नवी संस्था त्यावरूनच ठरवते. खात्यासंबंधीच्या २०२१ च्या नियमांत, पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान ५० टक्के श्रेयांक मिळवलेले असावेत, अशी अटही आहे.

चौथे वर्ष घ्यायचे की नाही, हे पाचव्या सत्रात ठरवावे. चार वर्षांनी मिळणारी पदवी ऑनर्सची असते, साधी किंवा संशोधनासह. संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात आणि त्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प असतो. साध्या ऑनर्सला ही अट नाही. चार वर्षांची पदवी घेतलेल्याला पुढे एका वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पुरतो, आणि २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असल्यास थेट पीएच.डी. प्रवेशासाठी पात्रता मिळते. राखीव प्रवर्गांसाठी यात ५ टक्क्यांची सवलत आहे. सर्वच महाविद्यालयांत चौथे वर्ष चालत नाही, हे मात्र आधी विचारून घ्यावे.

शेवटी, निकाल लागून सत्र उलटले तरी श्रेयांक खात्यात दिसत नसतील तर तोंडी विचारणा करीत बसू नये. प्राचार्यांच्या नावे एक पानाचा अर्ज लिहावा; त्यात परीक्षा क्रमांक, एबीसी आयडी, सत्र आणि न दिसणाऱ्या विषयांचे कोड द्यावेत; सोबत गुणपत्रिका, प्रवेशपत्र आणि आधार यांच्या प्रती जोडाव्यात. अर्ज खिडकीवर नुसता ठेवून येऊ नये. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा, आणि तो क्रमांक त्या सत्राच्या पानावर, रिकाम्या राहिलेल्या रकान्यात लिहावा.