घरासमोरची काँक्रीटची वाट नव्याने करताना या चुका टाळा

फाटकापासून ओट्यापर्यंतची काँक्रीटची वाट हे घरबांधणीतील सर्वांत दुर्लक्षित काम असते. घर पूर्ण झाल्यावर उरलेली वाळू, उरलेली खडी आणि गोदामात पडून राहिलेल्या दोन-चार गोण्या यांतून ती उरकली जाते, काही वर्षांत फुटते, आणि ती बदलण्याची वेळ आली की बहुतेक घरमालक पुन्हा उरकण्याच्याच घाईत असतात. लहान बांधकामांवर देखरेख करताना मला त्याच त्या चुका वर्षानुवर्षे पाहाव्या लागल्या आहेत. त्यांपैकी दोन चुका इतक्या महागात पडतात की त्यांच्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे; बाकीच्या सांगायला एखाददुसरे वाक्य पुरेल.

फुटलेल्या वाटेवरच नवा थर देणे

वाट का फुटली हे न पाहता तिच्यावर नवा थर चढवणे ही माझ्या मते सर्वांत मोठी चूक आहे. सोलापूरच्या बाजूला, पूर्णपणे काळ्या मातीवर बांधलेल्या एका बंगल्यात तिचा परिणाम मी जवळून पाहिला. मालकांनी त्यापूर्वी दोन ठेकेदारांकडून वाट दुरुस्त करून घेतली होती. “साहेब, फोडाफोड कशाला करता, वरून दोन इंचांचा थर मारून देतो, नवीकोरी दिसेल,” असे पहिल्याने सांगितले आणि दुसऱ्याने जवळजवळ तेच शब्द वापरले. तडा मात्र दर पावसाळ्यानंतर त्याच जागी, उजव्या कडेकडून तिरका वर येत असे, आणि मालकांचा सगळा राग सिमेंटच्या दर्जावर होता.

शेवटी वाट फोडायला घेतली तेव्हा घणाच्या पहिल्या घावांतच वरचे दोन्ही थर पापुद्र्यांसारखे सुटून आले. त्यांच्या मधोमध वाळलेल्या चिखलाचा आणि शेवाळाचा काळपट पट्टा स्पष्ट दिसत होता, कारण नवा थर देण्याआधी जुना पृष्ठभाग कोणी धुतलासुद्धा नव्हता. मूळ काँक्रीट निघाल्यावर खरा प्रकार उघड झाला. डावीकडची माती भेगाळलेली होती आणि उजवीकडची बोट रुतेल इतकी ओली. त्या बाजूने न्हाणीघराच्या सांडपाण्याचा चिनी मातीचा जुना पाईप जात होता आणि त्याचा एक सांधा सुटलेला होता. काळी माती पाणी मिळाले की फुगते आणि वाळली की आकसते. त्यामुळे वाटेची एक बाजू बारा महिने फुगलेली राहत होती आणि दुसरी ऋतूप्रमाणे वर-खाली होत होती. अशा जमिनीवर कितीही महाग सिमेंट वापरले तरी तडा येणारच.

वाढलेल्या उंचीचा त्रास वेगळाच होता. दोन थरांनी वाट चार इंच वर आल्यामुळे ओट्याची सहा इंचांची पहिली पायरी जेमतेम दोन इंचांची उरली होती, आणि घरातील आजी तिथे वारंवार अडखळत असत. पावसाचे पाणीही फाटकाकडे जाण्याऐवजी जोत्याच्या भिंतीला लागून साचू लागले होते. आम्ही पाईप पीव्हीसीचा टाकला, दोन फूट काळी माती उचलली, सहा-सहा इंचांच्या थरांत मुरूम भरून प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मस मारली, आणि मगच वर काँक्रीट केले. एकदम दोन फूट मुरूम ओतून केवळ वरून धुम्मस मारणारे ठेकेदार पुष्कळ भेटतात. त्या कामात फक्त वरचा थर बसतो आणि खालचा पहिल्या पावसात बसतो.

काळ्या मातीची हालचाल जमिनीत तीन-साडेतीन मीटर खोलपर्यंत होत असल्यामुळे दोन फूट माती बदलून ती पूर्ण थांबत नाही, कमी होते. म्हणून जिथे काळी माती खोलवर आहे, तिथे मी घरमालकांना सरळ सांगतो की काँक्रीटचा हट्ट सोडा आणि मुरमावर शहाबादी फरशी किंवा 60 मिमी जाडीचे पेव्हर ब्लॉक बसवा. एखादी फरशी खचली तर ती उचलून पुन्हा बसवता येते. कोकणात जांभ्याच्या जमिनीवर ही अडचण येत नाही. तिथे खरा शत्रू पाण्याचा निचरा आणि शेवाळ हा असतो.

फोडण्याआधी तडे नीट वाचावेत. तड्याच्या दोन बाजूंमध्ये उंचीचा फरक असेल तर खालची जमीन हललेली असते. सरळ आडवे तडे ठरावीक अंतरावर आले असतील तर काँक्रीटमध्ये मुद्दाम ठेवायचे सांधे दिलेले नसतात. कडेला समांतर लांबच लांब तडा असेल तर शेजारी कधीतरी पाईपसाठी चर खणून तो नीट न दाबता भरलेला असण्याची शक्यता मोठी. पहारीने ठोकल्यावर वाट पोकळ वाजली तर खालची माती वाहून गेलेली असते, आणि अशा वेळी घरातील सर्व नळ बंद करून पाण्याचे मीटर फिरते आहे का ते आधी पाहावे. एवढे पाहायला पंधरा-वीस मिनिटे लागतात, तरीही ते पाहणारा घरमालक विरळाच भेटतो.

पातळ माल आणि वरून भुरभुरलेले सिमेंट

दुसरी चूक गवंड्याच्या सोयीतून जन्माला येते. घट्ट माल पसरायला कष्ट पडतात, म्हणून बिगाऱ्याला “अजून एक बादली टाक रे” अशी हाक जाते, आणि ती बादली कोणी मोजत नाही. वाटेसाठी मी एम 20 (काँक्रीटच्या ताकदीची एक श्रेणी) हून हलके काँक्रीट वापरू देत नाही. त्याचे ढोबळ प्रमाण एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी असे आहे, आणि आयएस 456:2000 या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार अशा मालात 50 किलोच्या एका गोणीमागे जास्तीत जास्त 30 लिटर पाणी चालते. वाळू ओली असेल तर तिच्यातले पाणीही त्यातच धरावे लागते. माझी सवय अशी की एका बादलीवर आतून रंगाने खूण करून घ्यायची आणि मिक्सरमध्ये पाणी फक्त त्याच बादलीने जाईल असे पाहायचे. पाण्याचा पाईप मिक्सरजवळ मी ठेवूच देत नाही.

ओल्या वाळूचा दुसरा एक फटका घमेल्याने मोजणाऱ्यांना बसतो. ओलसर वाळू फुगते आणि तिचे आकारमान पाव हिश्शाहूनही अधिक वाढू शकते. त्यामुळे घमेली तेवढीच भरली तरी प्रत्यक्षात वाळू कमी पडते आणि माल खरबरीत होतो. यावर गवंडी पुन्हा पाणीच वाढवतो. मापाची पेटी वापरावी आणि वाळू ओली असेल तर माप थोडे वाढवून घ्यावे, हा उपाय जुना आहे. तो टाळायचे कारण केवळ आळस.

पातळ माल पसरला की थोड्या वेळाने त्याच्या अंगचे पाणी वर येते. अनुभवी माणूस ते जिरेपर्यंत थांबतो. घाईतला गवंडी मात्र घमेल्यातून कोरडे सिमेंट घेऊन त्या पाण्यावर भुरभुरतो आणि लोखंडी थापीने असे घोटतो की वाट आरशासारखी चमकू लागते. घरमालक खूश होऊन लगेच फोटो काढतात. पण तो चमकणारा पृष्ठभाग कागदाएवढ्या जाडीची साय असते. तिच्यावर आधी जाळीदार बारीक तडे येतात, मग धूळ सुटते, आणि नंतर साय निघून खालची खडी उघडी पडते; पावसाळ्यात तिच्यावरून पाय घसरतो तो वेगळाच. बाहेरच्या वाटेला गुळगुळीतपणा मुळात हवाच कशाला? पाण्याची चमक जिरल्यावर लाकडी रंध्याने पृष्ठभाग सारखा करावा आणि आडव्या दिशेने कुंच्याने किंवा मऊ झाडूने हलक्या रेघा ओढाव्यात. कोकणातल्या पावसात तर याला पर्यायच नाही.

बाकीच्या चुका

चार इंच जाडी ठरवून कडेला दोन इंच भरणे ही फसवणूक सर्रास चालते, म्हणून फळ्या बसवल्यावर मालकांनी स्वतः टेप लावून तीन-चार जागी जाडी मोजावी. मालाचा हिशेबही आधीच करून ठेवावा: 30 फूट लांब, 4 फूट रुंद आणि 4 इंच जाड वाटेला 40 घनफूट काँक्रीट लागते, आणि त्यासाठी साधारण 9 गोण्या सिमेंट, 17 घनफूट वाळू व 34 घनफूट खडी पुरते. पाच गोण्यांत वाट पूर्ण झाली असे कोणी अभिमानाने सांगितले तर काय कमी पडले हे वेगळे विचारायला नको.

चार फूट रुंदीच्या वाटेला दर चार ते पाच फुटांवर सांधा द्यावा आणि तो जाडीच्या किमान पाव भाग, म्हणजे एक इंच खोल असावा. आम्ही एक सोडून एक चौकट भरतो, त्यामुळे सांधा आपोआप मिळतो. जोत्याच्या भिंतीला काँक्रीट थेट चिकटवू नये. मध्ये अर्ध्या इंचाचा थर्माकोल किंवा डांबरी बोर्ड घालावा. उतार घरापासून बाहेरच्या दिशेने, फुटाला पाव इंच, आणि तो डोळ्यांच्या अंदाजाने न ठरवता लेव्हल ट्यूबने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, तपासून घ्यावा. जाळी टाकायचीच असेल तर ती खाली आवरणाच्या ठोकळ्यांवर उचलून ठेवावी. जमिनीवर लोळणारी जाळी फक्त गंजते. जुन्या वाटेचे तुकडे सोलिंग, म्हणजे काँक्रीटखालचा दगडांचा थर, म्हणून वापरायला हरकत नाही, मात्र ते हाताएवढे फोडून पोकळ्या मुरमाने भराव्यात, आणि त्यात रिकाम्या गोण्या, प्लॅस्टिक व लाकडाचे तुकडे गाडण्याची आपल्याकडची सवय सोडावी.

पाणी मारण्यातली कंजुषी

हल्ली घरकामासाठी दुकानात बहुधा पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना) सिमेंटच मिळते. त्याला हळूहळू ताकद येते, म्हणून किमान 10 दिवस ओलावा टिकवणे मानकाला अपेक्षित आहे आणि 14 दिवसांची शिफारस आहे. सकाळी कामावर जाताना एकदा पाईप फिरवला की क्युअरिंग झाले, अशी समजूत मी अनेक सुशिक्षित घरांत पाहिली आहे. मेच्या उन्हात ते पाणी तासाभरातही टिकत नाही. वाटेला उतार असल्यामुळे आळी करून पाणी साठवणे अवघड जाते. त्यापेक्षा गोणपाट अंथरून ते सतत ओले ठेवावे आणि वरून प्लॅस्टिकचा कागद घालावा. शक्य असेल तर हे काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत काढावे. लग्नाच्या तोंडावर किंवा गणपती आठ दिवसांवर आल्यावर वाट फोडायला घेणाऱ्यांचे काम मी शक्यतो स्वीकारत नाही, कारण तिथे पहिल्याच दिवशी मंडपवाल्याचे खांब ओल्या काँक्रीटवर उभे राहतात.

पायी चालायला दोन दिवसांनंतर हरकत नाही, तेही गोणपाट न हलवता. दुचाकी किमान आठवडाभर बाहेरच उभी करावी. चारचाकीसाठी चार इंचांची वाट नसतेच; गाडी आत घ्यायची असेल तर खणतानाच पाच ते सहा इंच जाडी धरावी, खालचे सोलिंग आणि मुरूम त्या हिशेबाने करावे आणि 28 दिवस होईपर्यंत गाडीच्या मालकालाही फाटकाबाहेरच थांबवावे.