अफगाण मुलींच्या शिक्षणासाठी दहा जणांची पंगत: तयारीची यादी

कॅनडातली ही जुनी रीत. घरी दहा जण जेवायला, प्रत्येकी 75 डॉलर देणगी, एकूण 750. 'कॅनेडियन विमेन फॉर विमेन इन अफगाणिस्तान'नं ती रुजवली. संस्थेचं आताचं नाव 'राइट टू लर्न अफगाणिस्तान'. एके काळी तेवढ्यात अफगाण शिक्षिकेचा वर्षाचा पगार निघायचा. तो हिशेब आज आमंत्रणात घालू नका. सध्या 750 डॉलर कशाला लागतात ते संस्थेकडून लेखी घ्या.

महिनाभर आधी तारीख धरा. 8 मार्च सगळ्यांना सुचतो, पण 2026 सारखा तो रमजानात येत असेल आणि अफगाण पाहुण्या असतील तर पानं सूर्यास्तानंतरच वाढा. आमंत्रणात 'अफगाण स्त्रिया' लिहा. 'अफगाणी' हे तिथल्या चलनाचं नाव.

पैसे यजमानाच्या खात्यात घेऊ नका. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. दहा जणांनी तुम्हाला ई-ट्रान्सफर केलं आणि तुम्ही एकरकमी पुढे पाठवलं, की करसवलतीची पावती तुमच्याच नावे निघते आणि बाकीचे नऊ जण विचारत बसतात. प्रत्येकानं थेट संस्थेला द्यावं. चेकही संस्थेच्याच नावे. रोख देणाऱ्यासाठी पाकिटावर पूर्ण नाव, पोस्टल कोडसह पत्ता, ईमेल आणि रक्कम, वाचता येईल अशा अक्षरात. केटररचं जेवण तिकिटात धरलं तर ताटाची किंमत पावतीतून वजा होते, म्हणून प्रत्येकानं एकेक पदार्थ आणलेला बरा. ओळखीतून काबूलला परस्पर पैसे धाडायचं कुणी सुचवेल. ठाम नाही म्हणा. दहशतवादी गटाच्या हाती पैसा पोचू देणं कॅनडात गुन्हा आहे; 2023 च्या कायदेबदलानं निव्वळ मानवतावादी मदतीला त्यातून सूट मिळाली, पण तालिबानच्या ताब्यातल्या भागात शिक्षणासारख्या कामाला सरकारी परवानगी लागू शकते, आणि ती परवानगी बघणं संस्थेचं काम.

माहितीचा एकच कागद करा, तारखांसकट. 15 ऑगस्ट 2021, काबूल तालिबानच्या हाती. 23 मार्च 2022, मुलींच्या माध्यमिक शाळा उघडल्या आणि काही तासांत बंद. डिसेंबर 2022, मुलींना विद्यापीठं बंद. डिसेंबर 2024, त्यांना नर्सिंग आणि सुईणीचं शिक्षणही बंद. "त्यांची संस्कृतीच तशी" हे वाक्य पंगतीत येणारच. तिथल्या बायकांना मतदानाचा हक्क 1964 च्या राज्यघटनेनं दिला होता, हे उत्तर तयार ठेवा. निळ्या बुरख्याचं चित्र मात्र नको, ते बघून बघून लोकांना काहीच वाटेनासं झालंय.

अफगाणिस्तानात शिकणाऱ्या मुलीचं नाव, चेहरा, गाव, ऑनलाइन वर्गाचा स्क्रीनशॉट, काहीही दाखवू नका. पाहुण्यांपैकी कुणाचे नातेवाईक तिकडे असतील तर अशा पाहुण्यांचाही फोटो नाही. हे दारातच सांगा; जेवण सुरू झाल्यावर फोन बाहेर निघालेले असतात.

काबुली पुलावाला दहा जणांत किलोभर सेला (उकडा) तांदूळ पुरतो. तो दोन तास भिजवायचाच, नाहीतर मटण शिजतं आणि शीत टचटचीत राहतं. मटण हलाल, आणि शाकाहारी पातेलं वेगळं, डावही वेगळा. बोलानी म्हणजे बटाटा भरून दुमडलेली पोळी. ती आयत्या वेळी तेलावर भाजा, गार झाली की चिवट होते.

निघण्याआधी दोघांनी मिळून रोख मोजायची, पाकिटांशी ताडायची, सही करायची. डिसेंबरात पंगत असेल तर 31 तारखेच्या आत पैसे संस्थेकडे रवाना, नाहीतर पावती पुढच्या वर्षात जाते.